दुपट्टा पडला की हात सोडायचे

यासीन वस्तादांबद्दल काहीतरी लिहा, असं मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं. शाळेच्या स्मरणिकेसाठी एकदा मागणी आली. वस्ताद गेले तेव्हा वर्तमानपत्राचा एक माणूस घरी येऊन बसला होता. प्रत्येक वेळी मी डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळे माझे ठीक आहेत. मोतीबिंदू निघून बरीच वर्षं झाली. खरं कारण असं की त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर एक गोष्ट लिहावी लागेल, आणि ती गाळून लिहिलं तर बाकीचं सगळं लिहिणं खोटं ठरेल. म्हणून लिहिलंच नाही. आता माझं वय असं आहे की आणखी टाळलं तर ती लिहायची राहूनच जाईल.

वस्तादांची तालीम अमडापूरला, बाजाराच्या पाठीमागे होती. पत्र्याचं एक लांबट शेड आणि आत लाल मातीचा हौद. मातीत ताक, हळद आणि गोडं तेल जिरवलेलं. बाहेरून येणाऱ्याला आधी तो वास यायचा आणि मग वस्तादांचा आवाज. ते जातीनं आणि धंद्यानं पिंजारी. दिवसभर गाद्या-रजया भरायचे, सकाळ-संध्याकाळ पोरांना मातीत लोळवायचे. मी चिखलीच्या शाळेत खेळाचा शिक्षक. पतियाळ्याहून कुस्तीच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करून आलेलो. आपल्या भागात गादीवरची कुस्ती, म्हणजे मॅटवरची कुस्ती, मी आणली असं मी चारचौघांत सांगत असे.

वस्तादांना गादी मान्य नव्हती. "मास्तर, गादी झोपाची चीज हाये," ते म्हणायचे. "मी बनवतो ना, मले ठाऊक हाये. तिच्यावर मानूस लढन कायले? झोप नाई येनार त्याले?"

एकदा मी त्यांना बुलढाण्याला गादीवरच्या कुस्त्या पाहायला नेलं. पहिल्या रांगेत बसवलं. लाल आणि निळ्या पोशाखातली दोन पोरं लढली, गुणफलकावर आकडे फिरले, पंचानं निळ्याचा हात वर केला.

"कोन जिंकलं?"

"निळा."

"काऊन? लाल तं पडलाच नाई!"

"गुणांवर जिंकला, वस्ताद."

ते बराच वेळ फलकाकडे पाहत राहिले. मग शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "परीक्षा हाये बाप्पा ही. कुस्ती नोहे." आणि परत येताना एसटीत मेहकरच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी स्वतःची कुस्ती ऐकवली. पंजाबच्या कुण्या पहिलवानाशी ते बरोबरीत सुटले होते, ती. ही कुस्ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांच्या सांगण्यात ती अर्धा तास चालली होती. त्या दिवशी एसटीत ती दिवस मावळेपर्यंत चालली. व्यापाऱ्यानं शंका घेतली तेव्हा वस्तादांनी डोक्यावरची टोपी बाजूला सारून आपला उजवा कान पुढे केला. पहिलवानाचा कान मार खाऊन खाऊन फुटतो, मग वाळतो आणि अक्रोडासारखा होतो. वस्तादांना त्या कानाचा फार अभिमान. "हे पाहा. दुकानात भेटते का असा?" ते म्हणाले.

असे ते होते. बढाईखोर, तोंडाळ, कुणाचं न ऐकणारे. पोरांना नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. जो डब्यात जे आणी ते त्याचं नाव. तालमीत एक 'ठेचा' होता, एक 'वरन-भात' होता. अंकुश नावाचा पोरगा पहिल्या दिवशी खिशातून गूळ-शेंगदाणे घेऊन आला, म्हणून तो 'गूळ'. पुढे तो मोठ्या स्पर्धांत जिंकू लागला, वर्तमानपत्रात त्याचे फोटो आले, तरी वस्ताद त्याच्या अंगावर ओरडायचे, "ए गूळ! कंबर खाली घे बे! विरघळून राह्यला का?"

त्यांचा एक नियम मात्र थट्टेचा नव्हता. वस्तादांच्या खांद्यावर कायम एक दुपट्टा असे. तो त्यांनी हौदात फेकला की लढणाऱ्यांनी त्याच क्षणी हात सोडायचे. कुणाची पकड कितीही पक्की असो, समोरचा चीत व्हायला केसाएवढं अंतर राहिलेलं असो, दुपट्टा पडला की हात सोडायचे. हा नियम कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या तरुणपणी एका गावच्या कुस्त्यांच्या दंगलीत त्यांचा शंकर नावाचा शिष्य मानेच्या पकडीत सापडला. लोक ओरडत होते, हलगी वाजत होती, पंच गर्दीत कुठंतरी होते. शंकरचा चेहरा काळा पडत चाललेला वस्तादांना दिसत होता. त्यांनी आवाज दिला, तो कुणाला ऐकू गेला नाही. शंकर वाचला, पण त्याचा उजवा हात पुढे कधी कामाचा राहिला नाही.

"आवाज मरते मास्तर गर्दीत," वस्ताद म्हणाले होते. "कापड नाई मरत. कापड दिसते."

तेव्हापासून ते पोरांकडून हे रोज करून घ्यायचे. सराव रंगात आला की मध्येच, काही कारण नसताना, दुपट्टा फेकायचे. ज्याचे हात डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटले नाहीत त्यानं सगळा हौद एकट्यानं फावड्यानं उकरायचा. अंकुशला हौद उकरायची पाळी फक्त सुरुवातीला आली. नंतर त्याचे हात त्याला विचारत नसत. मी स्वतः पाहिलेलं आहे, दुपट्टा अजून हवेत असायचा आणि अंकुशची बोटं उघडलेली असायची. वस्तादांना त्याच्या डावांपेक्षा या गोष्टीचं कौतुक जास्त. "याच्या हातून कोनी मरनार नाई," ते म्हणायचे.

अंकुशला गादीवर आणला मी. वस्तादांनी आधी शिव्या दिल्या, मग एक दिवस स्वतःच त्याला सायकलवर बसवून चिखलीला माझ्याकडे घेऊन आले. "घ्या तुमचं. पन माती सोडू देऊ नका त्याले." आठवड्याचे काही दिवस तो माझ्याकडे गादीवर, उरलेले त्यांच्याकडे मातीत. पुढे तो राज्यात आला, देशाच्या शिबिरात गेला, आणि शेवटी परदेशात होणाऱ्या त्या मोठ्या क्रीडास्पर्धेसाठी त्याची निवड झाली, जिथे अनेक देशांचे खेळाडू सगळे खेळ खेळायला येतात. मला सहायक प्रशिक्षक म्हणून बरोबर पाठवायचं ठरलं. जिल्ह्यात माझे सत्कार झाले. वस्तादांचा कुणी केला नाही. त्यांनी सगळ्या सत्कारांना हजेरी लावली आणि प्रत्येक ठिकाणी शेजारच्याला कान दाखवला.

शिबिरासाठी आम्ही मलकापूरहून रेल्वेनं निघालो. अर्धं अमडापूर फलाटावर होतं. गाडी यायच्या आधी वस्तादांनी माझा दंड धरून मला गर्दीतून बाजूला, चहाच्या टपरीमागे नेलं.

"मास्तर, एक गोष्ट ध्यानात ठेवजा. तुम्ही तो ठोकळा फेकता ना गादीवर? पंचाची चूक निघाली तं?"

"हो."

"पोट्ट्याची पकड असंल तं फेकू नका. त्याचे हात सुटतीन. त्याले काय ठाऊक, कापड हाये का ठोकळा? काही पडलं का हात सोडाचे, असंच केलं ना मी त्याचं."

मला हसू आलं. मी म्हणालो, "वस्ताद, शिबिरात भरपूर दिवस आहेत. ती सवय मी मोडून घेतो."

"मोडजा. नाई मोडली तं फेकू नका. हे याद ठेवा बस."

"ठेवतो."

गाडी आली. वस्तादांनी खिडकीतून अंकुशच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीसारखे ओरडले, "ए गूळ, तिकडचं काही खाऊ नको बे!"

हे संभाषण जसं झालं तसं लिहिलं आहे. आम्हा दोघांखेरीज ते कुणी ऐकलं नाही.

शिबिरात ती सवय मी मोडली नाही. एकदा मनात आलं होतं. पण देशभरातले प्रशिक्षक आजूबाजूला असताना सरावात गादीवर टॉवेल फेकत बसायचं, आणि कुणी विचारलं तर अमडापूरच्या पिंजाऱ्याचा नियम समजावून सांगायचा, हे मला बरं दिसेना. उद्या पाहू म्हटलं. मग ते डोक्यातून गेलं.

ठोकळ्याचं इथे सांगायला हवं. कोपऱ्यात बसलेल्या प्रशिक्षकाजवळ फोमचा एक मऊ ठोकळा असतो. पंचांनी गुण चुकीचा दिला किंवा द्यायचा राहिला असं वाटलं तर प्रशिक्षक तो गादीवर फेकतो. मग पंच योग्य वेळ पाहून कुस्ती थांबवतात आणि चित्रफीत तपासतात. पण शिट्टी होईपर्यंत कुस्ती चालूच असते. ठोकळा पडला म्हणून लढणाऱ्यानं थांबायचं नसतं.

अंकुश उपांत्य फेरीत हरला आणि कांस्यपदकाच्या कुस्तीला उभा राहिला. मुख्य प्रशिक्षक त्याच वेळी दुसऱ्या गादीवर दुसऱ्या मल्लाबरोबर होते, म्हणून कोपऱ्यात मी बसलो. शेवटचं मिनिट चालू होतं. अंकुश एका गुणानं मागे होता. त्यानं समोरच्याचा पाय धरला, उचलला, आणि त्याला एका पायावर नाचवत कडेकडे नेऊ लागला. त्याला खाली पाडलं असतं तर दोन गुण होते. आणि तो पाडणार होता, हे मला आजही दिसतं. पण मला वाटलं, समोरच्याचा दुसरा पाय रेषेबाहेर पडला. त्याचा एक गुण असतो. पंचाचा हात वर गेला नाही. मी ठोकळा फेकला.

तो अंकुशच्या गुडघ्याजवळ पडला. अंकुशचे हात सुटले.

धरलेला पाय त्यानं जमिनीवर जाऊ दिला, तालमीत जाऊ द्यायचा तसा. समोरचा क्षणभर गोंधळला आणि मग पाठीमागे जाऊन त्यानं अंकुशला खाली घेतलं. दोन गुण. शिट्टी झाली. चित्रफीत पाहिली, पाय रेषेच्या आतच होता. तक्रार फेटाळली म्हणून आणखी एक गुण त्याला. उरलेल्या सेकंदांत काही होण्यासारखं नव्हतं.

अंकुश गादीवरून उतरून माझ्याजवळ आला. रागावलेला नव्हता. त्याला कळत नव्हतं.

"सर, तुमी फेकलं ना?"

"हो."

"मंग सोडाचं होतं ना?"

मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

मुख्य प्रशिक्षकांनी संध्याकाळी सगळ्यांसमोर विचारलं, पोरानं पकड का सोडली? मी म्हणालो, मातीतली सवय आहे, त्याच्या गावच्या वस्तादानं लावलेली. त्यांनी विचारलं, तुम्हाला ठाऊक नव्हती? मी म्हणालो, नाही. फार सोपं गेलं ते. दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या एका वार्ताहराचा फोन आला, त्यालाही तेच सांगितलं आणि वर जोडलं, "वस्तादांनी आधी कल्पना दिली असती तर आज पदक असतं." हे वाक्य छापून आलं. अंकुशनंही ते वाचलं. परतीच्या प्रवासात तो एकदाच बोलला. "वस्तादांनी येवढं तरी सांगाचं होतं ना सर तुम्हाले." मी खिडकीबाहेर पाहत होतो.

पुढचं फार हळूहळू झालं. चिखलीत गादीचं सभागृह झालं, पालक पोरांना तिकडे पाठवू लागले. तालमीत 'ठेचा' राहिला आणि दोन-चार नवीन. अंकुशला पोलिसांत नोकरी लागली, तो दूर गेला. पूर्वी ईदला शीरखुर्म्यासाठी तो कुठूनही यायचा, आता येईनासा झाला. अमडापूरच्या हॉटेलात बसणाऱ्या रिकामटेकड्यांनी एक खेळ काढला. वस्ताद समोरून जायला लागले की कुणीतरी त्यांच्या पायापुढे रुमाल टाकायचा आणि बाकीच्यांनी दोन्ही हात वर करून ओरडायचं, "सोडलं वस्ताद, सोडलं!"

हा प्रकार मी एकदा पाहिला आहे. वस्तादांनी वाकून रुमाल उचलला, झटकला, ज्याचा होता त्याला परत दिला. "धुवाले टाक बे," म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं होतं ते शिव्या देतील. मी हॉटेलच्या आतल्या बाकावर होतो, त्यांना दिसलो नाही.

ते मला येऊन जाब विचारतील या भीतीत मी कितीतरी महिने काढले. ते आले नाहीत. शेवटी रजई भरून घ्यायचं निमित्त करून मीच गेलो. ओसरीवर बसून ते गादीला टाके घालत होते. मला पाहून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. कापसाच्या भावाचं बोलले, बकरीच्या दुखऱ्या पायाचं बोलले. मग सुई थांबवून म्हणाले,

"मास्तर, एक इचारू? खरं सांगजा."

"विचारा ना."

"मलकापूरले, टेसनावर, मी सांगतलं होतं ना तुम्हाले? का पकड असंल तं फेकू नका म्हनून?"

मी बरोबर आणलेल्या रजईची घडी नीट करू लागलो.

"मले तं याद येते का सांगतलं होतं. टपरीच्या मांगं. पन पेपरात तुम्ही म्हनता नाई सांगतलं. अंकुश म्हनते नाई सांगतलं. घरचे म्हनतात, अब्बा तुम्ही विसरता आजकाल. तं मी इचार करतो, का मनातच बोललो असन, अन् वाटलं का बोललो." ते माझ्याकडे पाहत होते. त्यात आरोप नव्हता. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं, तसं ते विचारत होते. "तुम्ही खोटं कायले बोलसान? म्हनून इचारतो. सांगतलं होतं का?"

सून चहा घेऊन दारात उभी होती.

मी म्हणालो, "मला तर आठवत नाही, वस्ताद."

"मंग नसन सांगतलं," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "नसन सांगतलं." आणि टाका घातला.

पदक गेलं ते माझ्या घाईमुळे. घाई कुणाचीही होऊ शकते, आणि नियम त्यांचाच होता, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं आहे. वर्तमानपत्रातलं वाक्य भीतीपोटी गेलं, असंही समजावलं. ओसरीवरच्या उत्तराला मात्र मला काही कारण सापडलं नाही. तिथे मला कुणाची भीती नव्हती. एक माणूस स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवू का असं मला विचारत होता, आणि मी त्याला ठेवू नका म्हणून सांगितलं.

त्यानंतर वस्ताद बदलले. पंजाबच्या पहिलवानाची कुस्ती सांगताना मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "का असं नोहतंच झालं?" पूर्वी ती कुस्ती दरवर्षी लांबत होती, आता ती आटत गेली. शेवटी शेवटी त्यांनी ती सांगणं सोडून दिलं. कुणी मुद्दाम विचारलं तर म्हणायचे, "लढलो असन. याद नाई." तालमीला कुलूप लागलं.

अंकुशला मी हे सगळं गेल्या महिन्यात फोनवर सांगितलं. वस्ताद जाऊन तेव्हा दोन पावसाळे होऊन गेले होते. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठेवतो, सर." त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही, आणि मीही केलेला नाही.

वस्तादांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या अंगणात. ते खंगत चालले आहेत असं कळलं, म्हणून त्या दुपारी मी ठरवून गेलो. वाटेत स्कूटरवर वाक्य जुळवत होतो. एकच वाक्य होतं, 'वस्ताद, तुम्ही सांगितलं होतं.' त्यापुढचं तिथे सुचलं असतं.

ते निंबाखाली खाटेवर होते. गावातले दोन म्हातारे शेजारी बसलेले. वस्ताद फार वाळले होते, पण माझा आवाज ऐकून उठून बसले, आणि खाटेचा खूर धरून उभे राहायला लागले. मी नको नको म्हणत पुढे झालो, तर त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"बरं झालं आले," ते म्हणाले. मग त्या म्हाताऱ्यांकडे वळले. "हे मास्तर. पोट्ट्याले इथून तिथवर नेलं यायनं. अन् माह्या चुकीपायी येवढ्या लोकायपुढं यायले मान खाली घालाव लागली. एक गोष्ट सांगाची होती मी, ते राहून गेली."

"वस्ताद," मी म्हणालो.

"नाई, बोलू द्या मले. कधीचं मनात हाये." त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. हातांची पकड अजून होती. "माफ करजा मास्तर मले. सांगाले पाह्यजे होतं मी तुम्हाले."

दोघे म्हातारे माझ्याकडे पाहत होते. वस्ताद पाहत होते. माझं वाक्य माझ्या तोंडाशी होतं.

मी म्हणालो, "असू द्या, वस्ताद."